अर्धांगिनी आणि 5अ

गोव्याच्या काजूचा किंवा मासळीचा मला कधी हेवा वाटला नाही. कुडव्याच्या माणसाला आपला तांदूळ पुरे. पण गोव्याचे आयकराचे एक कलम वाचले आणि माझी झोप उडाली.

भानगड अशी, की 1961 साली पोर्तुगीज गेले, पण त्यांचा 1867 चा नागरी कायदा गोव्यात राहिला. त्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवराबायकोची मिळकत दोघांची, निम्मी-निम्मी. मग कर कोणी भरायचा? कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 1994 साली आयकर कायद्यात 5अ कलम घातले गेले, तेसुद्धा 1963 पासून लागू धरून! घरभाडे, धंद्याचा नफा, ठेवींचे व्याज, सारे दोघांच्या विवरणपत्रांत अर्धे-अर्धे. 2025 च्या नव्या कायद्यानेही ही वाटणी ठेवली आहे.

आणि आमच्याकडे? मी माझ्या पैशातून सौ.च्या नावाने ठेव ठेवली, तर तिचे व्याज कायदा उचलून माझ्याच उत्पन्नात घालतो. पावती तिची, कर माझा! म्हणजे मांडवीकाठी बायको खरीखुरी अर्धांगिनी, अन् वैनगंगेच्या खोऱ्यात ती फक्त मंगलाष्टकांपुरती.

मी तावातावाने अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले आणि सौ.ला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती.

"अन् तिथं पगाराचंही अर्धंच करतात का?"

इथे माझी गाडी अडली. पगार त्या वाटणीत येत नाही. तो ज्याचा त्याच्याच नावावर. म्हणजे माझ्यासारख्या कारकुनाच्या वाट्याला फायदा काय, तर ठेवींच्या व्याजातली चिल्लर!

"बरं, तिथं बायकोला न विचारता घर विकता येते का?"

"नाही येत."

"मग आपल्या घराच्या कागदावर कोणाचं नाव आहे जी?"

मी पंख्याकडे पाहू लागलो. पंखा बंद होता.

खरे सांगायचे तर आम्हा नवरेमंडळींची मागणीच लबाडीची आहे. गोव्यात आधी मालकी अर्धी झाली, म्हणून कर अर्धा झाला. आम्हाला मालकी अख्खी हवी आणि कर तेवढा अर्धा! ठेव बायकोच्या नावाची, पण कपाटाची किल्ली आमच्या जानव्याला. हे ओळखूनच कायदा व्याज आमच्या गळ्यात घालतो. काउंटरमागे बसून मी पाहतो ना, बाई सही करते, आकडा नवरा सांगतो.

आणि वाटा द्यायला अडवले आहे कोणी? शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, 1992 साली सातबारावर बायकोचे नाव लावण्याचे सरकारी परिपत्रकही निघाले. आज महाराष्ट्रात राहते घर बायकोला बक्षीसपत्राने द्यायचे तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. तेवढ्यात दोघांचे हॉटेलातले जेवणसुद्धा होत नाही.

म्हणून पत्र मी नव्याने लिहिले. आधी देशभर घरादारावर बायकोचा अर्धा हक्क लावा, मग कर वाटा. आणि वाटायचाच तर पगारही वाटा. ज्या डब्यावर हा पगार मिळतो, तो डबा रोज सकाळी कोण भरते?

खाली झोकदार सही ठोकली. सौ.ने पत्र वाचले आणि पेन मागितले.

"सही दोघांची पाहिजे," ती म्हणाली.