एका तारेचे दोन धनी

मुंबईच्या उपनगरात एखाद्या जुन्या सोसायटीच्या मीटरघरात डोकावले, की एकाच फळीवर दोन कंपन्यांचे मीटर दिसतात. दुसऱ्या मजल्याचे लाईट बिल टाटांचे, तिसऱ्याचे अदानींचे; रस्त्याखालून इमारतीत शिरणारी केबल मात्र अनेक ठिकाणी एकच. घरगुती विजेत स्पर्धा म्हणजे काय, हे बघायचे तर इथे. एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीज विकू देणाऱ्या समांतर वीज परवान्यांचा विषय नवी मुंबई-ठाण्यापासून पुणे-नागपूरपर्यंत पोहोचला असताना या मीटरघराचा हिशेब आधी मांडायला हवा.

जुलै 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपनगरातल्या छोट्या ग्राहकालाही वीज विकण्याचा टाटा पॉवरचा हक्क मान्य केला. ऑक्टोबर 2009 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने त्यासाठी तेव्हा उपनगरात वीज देणाऱ्या रिलायन्सचीच (म्हणजे आजच्या अदानींची) तार वापरायची मुभा दिली. टाटांचा दर कमी होता, गिऱ्हाईक निघाले. पण जास्त वीज जाळणारे, चढा दर भरणारे गेले की मागे उरलेल्यांच्या स्वस्त विजेचा भार कोण उचलणार? म्हणून गेलेल्यांच्या बिलात क्रॉस सबसिडी अधिभाराची ओळ आली आणि दरातला फरक आटला. दुधावरची साय तेवढी उचलली जाते, ही रिलायन्सची तक्रार इतकी वाढली की 2012 मध्ये आयोगाने टाटांना महिना 300 युनिटपर्यंतचेच घरगुती ग्राहक घेण्याचे बंधन घातले. पुढे हा वाद अपील न्यायाधिकरणात गेला. स्पर्धा आली खरी, पण ती दरापेक्षा वकिलांच्या टेबलावर जास्त रंगली.

मुंबईत शेतीपंप नाहीत, तरी ही गत. उर्वरित राज्याला वीज देणाऱ्या सरकारी महावितरणकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या चाळीस लाखांहून अधिक पंपांना मोफत वीज आहे. त्याची काही भरपाई सरकार देते, उरलेला भार उद्योग आणि व्यापारी ग्राहक चढ्या दराने वाहतात. तो ग्राहक ठाणे, पुणे, नवी मुंबईत बसतो, आणि समांतर परवान्यांचे अर्ज नेमके तिथलेच. गडचिरोलीसाठी कोणी रांग लावल्याचे ऐकिवात नाही.

जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचारी समांतर परवान्यांच्या विरोधात संपावर गेले आणि सरकारच्या आश्वासनानंतर त्याच दिवशी परतले. चढा दर भरणारा ग्राहक निघून जाईल, ही भीती खोटी नाही. पण पहिल्या वळवाला लाईट गेली की तासन् तास फोन न उचलणाऱ्या व्यवस्थेवर माया करावी, असे ग्राहकाला वाटत नाही, हेही तितकेच खरे. मक्तेदारी सरकारी असली म्हणून ती गोड होत नाही.

अडचण कायद्यातच आहे. मुंबईतली मुभा सोडली, तर 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे दुसऱ्या परवानाधारकाने स्वतःचे जाळे उभारायचे. एकाच गल्लीत दोनदा रस्ता खोदायचा, दोन डीपी बसवायच्या आणि त्याचा खर्च पुन्हा ग्राहकाच्याच वहन आकारात घालायचा, याला स्पर्धा म्हणणे धाडसाचे आहे. तार सामाईक ठेवण्याची तरतूद 2022 च्या दुरुस्ती विधेयकात होती. ते स्थायी समितीकडे गेले आणि लोकसभेबरोबर विरले. केंद्राने 2025 मध्ये पुन्हा मसुदा आणला आहे. त्यातली सामाईक जाळ्याची दिशा योग्य आहे, पण तारेची देखभाल कोणी करायची आणि रात्री दोन वाजता फ्यूज उडाला तर वायरमन कोणत्या कंपनीचा, हे त्या कायद्यात स्वच्छ लिहिलेले असावे.

राज्य सरकारने त्याची वाट पाहत बसू नये. शेतीपंपाची सवलत ही सरकारची बांधिलकी आहे. तिचे पूर्ण पैसे अर्थसंकल्पातून, वेळेवर महावितरणला द्यावेत. नव्या कंपनीला शहर हवे असेल, तर त्या शहरातली झोपडपट्टी आणि भोवतालची गावेही तिच्या परवान्यात असली पाहिजेत. या दोन गोष्टी कागदावर येईपर्यंत आयोगाने एकही समांतर परवाना देऊ नये.