फळाच्या नावाखाली

सकाळच्या पहिल्या तासाच्या धावपळीत न्याहारी चुकली की आमची पावले आपोआप कँटीनकडे वळतात. काचेच्या कपाटात कागदी वाटीतले केळ्याचे मफिन मांडलेले असतात. फुगून आलेला तपकिरी माथा, दालचिनीचा मंद वास; मोह होणारच! "केकच की हा," असे कोणी म्हटले तर उत्तर तयार असते, "अरे, त्यात फळ आहे!" माझे भांडण आहे ते या उत्तराशी.

थोडा हिशेब मांडू. घरी १२ मफिन करायचे तर साधारण २ कप मैदा, १५० ग्रॅम साखर, अर्धा कप तेल आणि ३ केळी लागतात. म्हणजे एका मफिनच्या वाट्याला पाव केळे आणि साखर मात्र १२.५ ग्रॅम, चांगले ३ चमचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेला सल्ला असा, की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. त्यातली निम्मी इथेच संपली. शिवाय मैदा म्हणजे कोंडा काढून टाकलेला गहू.

म्हणून मफिन टाकाऊ ठरतो का? मुळीच नाही. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते. त्यामुळे घरात कोणी हात न लावलेले काळे केळेच मफिनला उत्तम. मग वरची साखर निम्मी करावी, निम्म्या मैद्याऐवजी कणीक घ्यावी. चव फारशी बिघडत नाही.

आपल्याकडे केळे घातलेला प्रसादाचा शिरा आहेच. रवा, तूप, साखर, सारे सढळ हाताने. पण सत्यनारायणाच्या पूजेहून परतताना 'आज फळ खाल्ले' असे कोणी म्हणत नाही. तळहातावर मावेल तेवढा प्रसाद घेऊन आपण तृप्त होतो. शिऱ्याला आपण शिराच म्हणतो. मग मफिनच्या बाबतीतच ही आत्मवंचना कशाला?

वसतिगृहातल्या आपल्यापैकी कित्येकांची सकाळ एकाच पदार्थावर भागते. निदान त्या पदार्थाबद्दल तरी आपण स्वतःला फसवू नये. महाविद्यालयाच्या फाटकाशी केळीवाल्या मावशी बसतात. पोटात भूक असेल तर त्यांच्याकडून दोन केळी घ्यावीत. मफिन खावासा वाटला तर तोही जरूर खावा, मिटक्या मारीत खावा. मात्र केक म्हणून!