तिजोरीची दुसरी चावी

गेल्या महिन्यात जयसिंगपूरकडील एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांची सून बँकेत आहे. पदोन्नतीची परीक्षा ती उत्तीर्ण झाली आहे आणि आता बदली विदर्भात होईल असे दिसते. नातू पाच वर्षांचा. चार पानांच्या त्या पत्रात सुनेचे कौतुक आहे, पगाराचा हिशोब आहे, मुलाच्या मनाची घालमेल आहे. शेवटी प्रश्न आहे, ‘तुमच्या थोरल्या जाऊबाई जन्मभर बँकेत होत्या. त्यांनी नोकरी आणि संसार यांचा तोल कसा सांभाळला, ते एकदा सविस्तर लिहा.’

अक्कांविषयी या सदरातून मी पूर्वी ओझरते लिहिले आहे. सविस्तर लिहिण्याचे मात्र टाळत आले, कारण तसे लिहायचे तर त्यात स्वतःविषयीही लिहावे लागते.

अक्का आमच्या घरात आल्या १९६९ साली. त्याच वर्षी १९ जुलैला देशातील १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा साऱ्या देशात व्यापारी बँकांच्या शाखा जेमतेम आठ हजारांवर होत्या. पुढच्या वीस वर्षांत त्या साठ हजारांच्या आसपास गेल्या. एवढ्या शाखांना माणसे हवी होती, आणि त्या भरतीत आमच्यासारख्या घरांतील सुशिक्षित सुनांनाही दार उघडले. अक्का १९७१ साली कारकून म्हणून रुजू झाल्या. सांगलीत आमच्या मामंजींची हळदीची आडत होती. घरात रोजमेळ आणि खतावणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, पण तिला बाईचा हात कधी लागलेला नव्हता. तरी मामंजींनी नोकरीला होकार दिला. त्याचे कारण पुढे एकदा त्यांनीच सांगितले. दिवाळीच्या सुमारास खतावणीत ९० रुपयांचा फरक निघत होता आणि दिवाणजी दोन दिवस पाने उलटीत बसले होते. चहा घेऊन गेलेल्या अक्का दारातूनच म्हणाल्या, ‘नवाने भाग जातो आहे, तेव्हा कुठे तरी आकडे उलटे पडले असतील.’ खरोखरच ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले होते. ही युक्ती मामंजींना ठाऊक होती, दिवाणजींनाही असणार. दोन दिवसांच्या त्राग्यात ती कोणालाच आठवली नव्हती.

मी त्या घरात आले १९७६ साली. तेव्हा अक्कांची मुलगी दोन वर्षांची होती. मुलगा पुढच्या वर्षी झाला. त्या काळी कायद्याने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची. (आज पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे आहे; आमच्या घरातील नातसुनांना हे सांगितले की त्या अविश्वासाने पाहतात.) तीन महिन्यांचे लेकरू सासूबाईंच्या आणि माझ्या ओटीत घालून अक्का पुन्हा काउंटरवर उभ्या राहिल्या.

बँकेतले ते दिवस आजच्या वाचकांना कळावेत म्हणून थोडे सांगते. पैसे काढायला गेले की पितळेचे टोकन मिळे. प्रत्येक खात्याचे पान भल्याथोरल्या लेजरमध्ये असे आणि त्यावर प्रत्येक व्यवहार हाताने चढवावा लागे. दुपारी दोनला व्यवहार बंद झाले तरी ताळा लागेपर्यंत कोणी उठत नसे. बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या दहा तारखेनंतर अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळे. ही पद्धत २०१० पर्यंत होती. जून आणि डिसेंबरअखेर शाखेतील एकूण एक खात्याचे असे व्याज हाताने काढावे लागे. त्या रात्री अक्का अकरा-बारालाही घरी येत. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नेम होता. म्हणून सासूबाई पाचच्या आत आडतीतल्या पोराबरोबर डबा पाठवीत. पोराला उशीर झाला तर तो डबा तसाच परत येई, आणि सासूबाई त्या पोरावर नव्हे, माझ्यावर चिडत, कारण पोळ्या माझ्याकडे असत!

यात मी आणि अक्का मैत्रिणी होतो असे कोणी समजू नये. त्या सकाळी साडेनऊला इस्त्रीचे पातळ नेसून निघत आणि मी परातीत हात घालून बसलेली असे. त्यांच्या पगाराचे पाकीट त्या मामंजींच्या हाती देत. माझ्या कष्टांचे पाकीट नसे. आता हे लिहिताना हसू येते, त्या वेळी येत नव्हते.

१९८४ साली अक्का अधिकारी झाल्या. पदोन्नतीबरोबर काही वर्षे ग्रामीण शाखेत काढावी लागत. या एका अटीपायी त्यांच्या कितीतरी मैत्रिणींनी पदोन्नती नाकारून कारकून म्हणूनच निवृत्ती पत्करली. अक्कांची बदली जत तालुक्यातील एका गावी झाली. एस. टी. ने तीन तास. ओसरीवर मामंजी, थोरले भाऊजी आणि माझे यजमान बसले, तासभर विचारविनिमय झाला आणि अक्कांनी जावे असे ठरले. तो काळ पाहता हा निर्णय खरोखर मोठ्या मनाचा होता, यात शंका नाही. आत स्वयंपाकघरात मी शेंगा सोलत होते. दहा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि माझा पाच वर्षांचा, अशा तिघांना आता मी एकटीने पाहायचे, हे त्या निर्णयात गृहीत होते. मला कोणी विचारले नाही. अक्कांनीही विचारले नाही.

त्या शनिवारी अर्धा दिवस भरून संध्याकाळी येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जात. तिकडे दुष्काळी मुलूख. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून शेळ्या-म्हशींसाठी कर्जे वाटण्याचे ते दिवस होते. अधिकाऱ्याच्या खुर्चीत बाई दिसते म्हणून बायका अंगठा उठवायला धीटपणे पुढे येत. म्हैस खरोखर घेतली आहे की शेजाऱ्याची दाखवली आहे, हे पाहायला अक्का उन्हातून वस्त्यांवर जात. एकच म्हैस तीन गोठ्यांत भेटल्याची हकीकत त्या अजूनही रंगवून सांगतात.

एका रविवारी रात्री मुलाला ताप भरला. आधी दोन दिवस अंगात कणकण होतीच. पहाटे चारला ताप १०३ च्या वर गेला आणि तो बरळू लागला. पाच वाजता पाहते तो अक्का पातळ नेसून, पिशवी घेऊन उभ्या! बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला तिजोरी उघडताच येत नाही. दुसरी चावी अक्कांच्या कमरेला होती. त्या गेल्या नाहीत तर सोमवारी शाखेत रोकड निघणार नव्हती, आणि सोमवार त्या गावच्या बाजाराचा दिवस. हे सारे मला पुढे समजले. त्या क्षणी त्या एवढेच म्हणाल्या, ‘मला जायलाच हवे. चावी माझ्याकडे आहे.’

मी म्हणाले, ‘चावीच सांभाळायची होती तर मुले कशाला झाली?’

त्या काही बोलल्या नाहीत. मुलाच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि निघाल्या. सात वाजता डॉक्टर आले. विषमज्वर निघाला. अक्कांनी शाखेत पोहोचून तिजोरी उघडून दिली, चावीच्या नोंदवहीत सही करून ती व्यवस्थापकांच्या स्वाधीन केली, रजेचा अर्ज लिहिला आणि मिळेल त्या गाडीने परत फिरल्या. दुपारी तीनच्या सुमारास दारात आल्या तेव्हा नखशिखान्त धुळीने माखलेल्या होत्या. तीन आठवडे रजा काढून मुलापाशी बसल्या. ती रजा बिनपगारी झाली.

पुढचे फार लांबवीत नाही. १९८७ ला त्या मिरजेस आल्या, मग कोल्हापूर, पुन्हा सांगली. लेजर जाऊन संगणक आले, तेव्हा पन्नाशीच्या अक्का रविवारी लेकाकडून कळफलक शिकत. २००१ च्या आगेमागे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे लाखभर माणसे बाहेर पडली. अक्कांच्या टेबलाशेजारच्या तीन खुर्च्या एका महिन्यात रिकाम्या झाल्या, त्या मात्र राहिल्या. एका गोष्टीचा उल्लेख करायलाच हवा. १९९५ च्या सुमारास कर्मचाऱ्यांना भविष्यनिर्वाह निधीतील बँकेचा हिस्सा किंवा निवृत्तिवेतन यांपैकी एक निवडायचे होते. आमच्या व्यापारी घरात सर्वांचे मत एकमुखाने रोख रकमेकडे. अक्कांनी कोणाला न जुमानता निवृत्तिवेतन घेतले. पुढे २०१० साली राहिलेल्यांना पुन्हा संधी मिळाली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांना बँकेचा हिस्सा परत करून वर आणखी भर घालावी लागली. २००७ साली त्या निवृत्त झाल्या. थोरले भाऊजी गेल्यावर आणि आडत बंद पडल्यावर घराला जो आधार राहिला तो या निवृत्तिवेतनाचा.

त्या पहाटेचे माझे वाक्य आमच्या दोघींमध्ये वीस वर्षे तसेच पडून होते. दर वर्षी दसलक्षण पर्वानंतर क्षमावणीला आम्ही एकमेकींपुढे हात जोडीत असू. पण सगळ्यांची एकदम मागितलेली क्षमा सोपी असते. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी क्षमावणीच्या दिवशी मी ते वाक्य शब्दशः उच्चारले आणि म्हणाले, ‘अक्का, याची क्षमा मागायची राहिली आहे.’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘ते वाक्य मी विसरले नव्हते. जतच्या गाडीत ते माझ्याबरोबर रोज असे. पण क्षमा मलाही मागायची आहे. तुझ्या भरवशावर मी गेले आणि तुला विचारले नाही. विचारले असते आणि तू नाही म्हणाली असतीस तर? त्या भीतीने विचारले नाही.’

मी नाही म्हणाले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अक्का दर मंगळवारी मंदिराच्या पडवीत बसून म्हाताऱ्या बायकांचे बँकेचे फॉर्म भरून देतात, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण करतात. या लेखाची हस्तलिखित प्रत त्यांनी वाचली. एका तारखेची दुरुस्ती सुचवली आणि म्हशीच्या हकीकतीत गोठे तीन नव्हे, चार होते, असे म्हणाल्या. मी तीनच ठेवले आहेत.

आणि जयसिंगपूरच्या भगिनींनो, तुमच्या चार पानी पत्रात नातवाविषयी एकच ओळ आहे, ‘बाळाला घरचे पाहतीलच.’ हे ‘घरचे’ म्हणजे नेमके कोण, त्यांचे वय काय, गुडघे कसे आहेत, रात्री त्यांना जाग येते का, आणि त्यांना हे कोणी विचारले आहे का, एवढे कळवा. सुनेने जावे असेच मला वाटते. पण तिच्या रुजू होण्याच्या तारखेआधी ओसरीवर जी बैठक होईल, तिला त्या व्यक्तीलाही बोलवा. त्या व्यक्ती तुम्हीच असाल, तर पुढचे पत्र स्वतःविषयी लिहा. मी वाट पाहते.