यमुना : माहेरी राहिलेले नाव

काही नावे उच्चारताच माणसाच्या आधी काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘यमुना’ हे त्यांपैकी एक. हे नाव ऐकले की आपल्याला दिसते ती एखादी थकलेली आजी : नऊवारी लुगडे, चुलीचा धूर, माजघरातला अंधार, दुपारची पोथी. पाळण्यातल्या मुलीसाठी आज कोणी हे नाव सुचवले तर घरातले बहुधा हसण्यावारी नेतील. परंतु एकोणिसाव्या शतकाकडे जरा बारकाईने पाहिले तर हे चित्र टिकत नाही. मराठी वाङ्मयाने आणि चरित्रांनी ज्या ठळक यमुना आपल्यापुढे ठेवल्या, त्यांतल्या दोघींचे हे नाव म्हातारपणापर्यंत पोहोचलेच नाही. ते बालपणीच संपले.

रमाबाई रानडे यांचा जन्म १८६२ सालचा. कुर्लेकरांच्या घरची ही मुलगी यमुना. १८७३ साली अकराव्या वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती रमा झाली. कल्याणच्या जोशांकडे १८६५ साली जन्मलेली दुसरी यमुना नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्या घरी गेली आणि आनंदी झाली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी १८८६ साली मिळाली ती आनंदीबाईंना. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, निधन झाले तेही आनंदीबाईंचे. यमुना त्याआधीच केव्हा तरी कल्याणला मागे राहिली होती.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची पद्धत आहे. हौसेने पाहिला जाणारा हा विधी आहे, आणि त्यात एक सूचकता आहे. नवे नाव तांदळांवर निदान क्षणभर तरी उमटते. जुने नाव कोठेही लिहिले जात नाही, म्हणून ते पुसावेही लागत नाही. ते फक्त हाक मारणाऱ्यांच्या तोंडी उरते, आणि हाक मारणारे माहेरी असतात.

‘यमुना’ या नावाच्या बाबतीत हे अधिकच बोचते, कारण त्याच्या पुराणकथेत माहेर आधीपासूनच आहे. यमुना ही सूर्याची कन्या आणि यमाची बहीण. यमद्वितीयेला यम तिच्या घरी जेवायला येतो, म्हणून आपण भाऊबीज साजरी करतो. प्रत्यक्ष मृत्यूला वर्षातून एकदा पाटावर बसवून ओवाळणारी ही बहीण आहे. प्रतिमेचा दुसरा पदर काळ्या पाण्याचा. कालिंदी सावळी, खोल, कालियाच्या डोहाची. गंगेच्या शुभ्रतेपुढे तिचा हा काळोख उठून दिसतो. वेरूळच्या कैलास लेण्यात गंगा, यमुना आणि सरस्वती एकाच दालनात उभ्या आहेत. मूर्तिशास्त्रात गंगेचे वाहन मकर, तर यमुनेचे कासव. जपून, अंग आत ओढून चालणारे हे वाहन त्या काळच्या घरांत वाढणाऱ्या मुलींच्या नावाला किती लागू पडावे!

गंमत अशी की, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास वर्ज्य ठरवलेल्या कन्यांमध्ये नदीचे नाव असलेली कन्याही मोजलेली आहे. लोकांनी मात्र गंगा, यमुना, गोदा, कृष्णा ही नावे घरोघरी ठेवली आणि त्या मुलींची लग्नेही लावली. शास्त्रापेक्षा जिव्हाळा बलवत्तर ठरल्याचे हे छोटेसे उदाहरण आहे. तो जिव्हाळा मुलीच्या लग्नापर्यंतच पुरला, ही त्याची मर्यादा.

कादंबरीने मात्र हे नाव सोडले नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. तिची नायिका प्रवासात हिंदू विधवांची दुःखे पाहते आणि पुढे स्वतःच विधवा होते. त्यानंतर तीनएक दशकांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली. तिची निवेदिका पुन्हा यमुनाच, खरे तर यमू. लग्न, संसार, वैधव्य, सक्तीचे केशवपन एवढे सगळे सोसूनही ती आपल्या मनात ‘यमू’च राहते. समीक्षकही तिला यमूच म्हणतात. हरिभाऊंच्या करुणेचे मोठे सामर्थ्य मला या एका हाकेत दिसते. सोवळी झालेली ही बाई कालपर्यंत कोणाची तरी छोटी यमू होती, हे ती हाक आपल्याला विसरू देत नाही.

यावर कोणी म्हणेल की, रमाबाई आणि आनंदीबाई यांनी जे कमावले ते नव्या नावानेच कमावले. ते खरे आहे, आणि त्यांचे नाव आज बदलून लिहावे असे मी सुचवत नाही. आक्षेप आहे तो आपल्या कंसांना. चरित्रात, कोशात, पाठ्यपुस्तकात ‘माहेरचे नाव यमुना’ एवढी नोंद होते आणि वाक्य पुढे सरकते. रमाबाईंनी १९१० साली आपल्या आत्मकथनाला ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे नाव दिले. त्या ‘आमच्या’मध्ये पतीबरोबर यमुनेला किती जागा उरली, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८च्या कादंबरीच्या शीर्षकातली जोडी ‘आनंदी गोपाळ’ अशी आहे. तिथे यमुनेला अर्थातच जागा नाही.

याच नावाची एक निराळी वाटही आहे. वाईच्या लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर २०१८ साली वारल्या. २०१२ साली पद्मश्री झाली ती यमुना या नावानेच, आणि जोडीला आडनाव आले ते गावाचे. प्रतिष्ठित घरांनी लेकींचे जे नाव उंबऱ्यावर काढून घेतले, ते फडावरच्या बाईने आयुष्यभर मिरवले. आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पनांबद्दल यातून काय दिसते, ते वाचकांनीच ठरवावे.

सध्या मुलींना जुनी नावे ठेवण्याची हौस पुन्हा दिसते. जान्हवी, रेवा, अगदी कालिंदीही कानावर पडते. यमुना मात्र सहसा नाही. आपल्याला नदी हवी आहे, पण पर्यायी शब्दाने. ज्या नावाला घरातला धूर आणि विधवेचे आलवण चिकटले आहे, ते नको आहे. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु साहित्याच्या विद्यार्थ्याने तरी ‘जुने नाव’ म्हणताना थबकावे. आपण जिला आजी समजतो ती नऊ वर्षांची आहे, आणि तिला कोणी तरी अजून आतून हाक मारते आहे : यमू!