पहिलें पेन कोणतें करावें?

ज्या विद्यार्थ्यांस लांकूडकामाची गोडी लागली आहे, त्यांस लेथवर स्वतःचें पेन कातावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु पेनचे संच पाहूं लागलें म्हणजे मन गोंधळतें, आणि हात जातो तो बहुधा सोनेरी मुलाम्याच्या महाग संचाकडे. येथेंच पहिली चूक होते, असें आमचें मत आहे.

संचांत पितळेची नळी, टोक, क्लिप इत्यादि भाग असतात, लांकूड आपलें. लांकडाच्या चौकोनी तुकड्यास भोंक पाडून आंत नळी चिकटवितात, त्याचीं टोकें काटकोनांत तासतात, तो लेथवर गोल कातून घोटतात आणि शेवटीं भाग दाबून बसवितात.

नवशिक्यास बहुतेक लोक ‘स्लिमलाइन’ हा बारीक संच सुचवितात, कारण तो स्वस्त. पण त्यांत 7 मिलिमीटरच्या दोन नळ्या. म्हणजे भोकें दोन, तासणी दोन. शिवाय रिफिल फिरविणारें यंत्र नेमक्या खोलीपर्यंतच दाबावें लागतें. तें अधिक दाबलें गेलें कीं रिफिलचें टोक आंत जातच नाहीं, आणि सारा दिवस फुकट जातो. ‘सिएरा’ जातीच्या संचांत नळी एकच. त्यास दोन पैसे अधिक पडले तरी चुका निम्म्या होतात. त्यास पार्कर जातीची रिफिल चालते. ती आपल्या गांवीं मिळते कीं नाहीं, हें मात्र आधीं पाहावें. रिफिल न मिळणारें पेन शोभेची वस्तु होय.

प्रत्येक जातीस गिरमिटाचें पातें व बुशिंग निराळीं लागतात. म्हणून पांच तऱ्हांचे पांच संच घेण्यापेक्षां एकाच तऱ्हेचे पांच घ्यावे. लांकूड विकत कशास? सुताराच्या मेटावर बाभळीचा वा चिंचेचा तुकडा सहज मिळतो. तो पुरता वाळलेला मात्र असावा. ओलें लांकूड पुढें आक्रसून नळीवर तडकतें. डोळ्यांस चष्मा, अंगांत घट्ट बाह्या आणि जवळ जाणता माणूस, यांवांचून लेथ सुरू करूं नये.

कित्येक पालक विचारतात, “यानें गुण वाढतील काय?” आमच्या नगरास हा प्रश्न शोभत नाहीं. अमेरिकन मराठी मिशनचें कार्य येथें 1831 सालीं सुरू झालें; पुढें त्याच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेंत मुलें सुतारकाम शिकलीं, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं डी. सी. चर्चिल यांनीं येथेंच हातमाग सुधारला. पुस्तकी विद्या व हातांची विद्या या सख्ख्या बहिणी आहेत, हें या शहरानें पूर्वींच ओळखलें आहे.

पाठ न केलेला धडा वर्गांत एखादे वेळीं झांकतां येतो. लेथवर घाई किंवा आळस झांकतां येत नाहीं, तो लांकडावर उमटतोच. सोनेरी मुलामाहि तो लपवीत नाहीं. म्हणून पालकांनीं पहिला संच साधा द्यावा, आणि तो बिघडला तर रागावूं नये; दुसरा द्यावा. मुलानेंहि आपलें पहिलें वांकडें पेन फेकूं नये. पांचवें सरळ झालें म्हणजे दोन्ही शेजारीं ठेवून पाहावीं. आपण काय शिकलों, तें त्यास कोणी सांगावें लागणार नाहीं.