वाफसा कोणाच्या हाती?



सोयाबीन निघाले की हरभऱ्याची घाई सुरू होते. लातूर-धाराशिवच्या काळ्या रानात हे दिवस मोजकेच. आज ओल जास्त म्हणून अवजार चालत नाही आणि चार दिवस कडक ऊन पडले की ढेकूळ दगडासारखे होते. मधला जो काळ, तोच वाफसा. आपल्या बापजाद्यांनी बैल कधी जुंपायचे ते वाफसा पाहून ठरवले. आज ते ट्रॅक्टरवाल्याच्या वहीतला नंबर ठरवतो.

शेतकी कॉलेजात आम्ही डिस्क हॅरो शिकलो. तव्यांचा कोन वाढवला की ते खोल जातात, वजन ठेवले की आणखी खोल. पुढची रांग माती एका बाजूला फेकते, मागची रांग ती परत आणते. परीक्षेत मार्कही मिळाले. ट्रॅक्टर दुसऱ्याचा असतो, एवढी एकच गोष्ट पुस्तकात नव्हती.

"आज नको, रान ओले आहे" म्हणावे तर नंबर जातो. मग ओल्या रानातच हॅरो फिरतो. चाकांखाली माती दबते, तव्यांच्या खाली घट्ट थर बसतो आणि वर आलेली ढेकळे वाळून फुटता फुटत नाहीत. हरभरा विरळ उगवला की आपण बियाण्याला शिव्या देतो.

हराळी-कुंद्याच्या रानात तर दुहेरी नुकसान. तवे काशा तोडतात, उपटत नाहीत. जितके तुकडे, तितकी नवी हराळी. अशा रानात उन्हाळ्यात वखर किंवा फणाचे अवजार घालून काशा वेचून वाळवणे हाच उपाय.

आम्ही ट्रॅक्टरच्या विरोधात नाही. बैलजोडी वर्षभर पोसणे किती जणांना परवडते, हे आम्हाला घरच्या हिशेबावरून कळते. आमचे म्हणणे एवढेच की नंबर रानाचा लागावा, माणसाचा नव्हे. माळाची हलकी राने आधी वाफशावर येतात, ओढ्याकाठची भारी राने मागून. दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून ट्रॅक्टरवाल्याशी एकरी भाडे आधीच ठरवावे आणि पाळ्या या क्रमाने लावाव्यात. त्यालाही सलग काम मिळते, डिझेल वाचते. २०१४-१५ पासून केंद्राने गावोगावच्या अवजार बँकांसाठी अनुदान देऊ केले. मिळाले तर घ्या, पण त्याची वाट पाहत बसू नका.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. चार बोटे खालची माती मुठीत दाबा, गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर हॅरो घाला. नुसता चपटा झाला तर ट्रॅक्टर बांधावरच थांबवा.

भाडे आपण देतो. मग पाळीचा दिवस आपण ठरवायला नको?