लाल रेघ कुणाच्या चुकीवर?

आमच्या भालकी-औरादकडचे पोर घरी मराठी, बाजारात कानडी आणि गल्लीत दखनी बोलते. तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. म्हणून ते ‘आय मँगो ईट’ लिहिते, आणि गुरुजी लाल रेघ ओढतात! ‘ए’, ‘द’ ही उपपदे तर तिन्हींपैकी एकीतही नाहीत. ‘इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोला’ म्हणणाऱ्या साहेबांना मी विचारतो, हा फरक मराठीतून नाही तर कशातून सांगायचा?

चुकते आमचेही. १९५६ साली बीदर म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून आमचे सारे भांडण कानडीशी. (मोर्चात मीही होतो.) पण फळ्यावर एक मराठी आणि एक इंग्रजी वाक्य शेजारी-शेजारी लिहायचे म्हटले, की आम्हीच मान फिरवतो.